इबिड. आणि मंडळी : अठरा वर्षांच्या वापरानंतर

तळटिपांतल्या आखूड लॅटिन शब्दांचं हे परीक्षण लिहायला मला टीप क्रमांक ६२ ने बसवलं.

इतिहासाचा प्रबंध होता, इंग्रजीत लिहिलेला, माझ्याकडे शेवटच्या तपासणीला आलेला. चौथ्या प्रकरणात एका इतिहासकाराचं म्हणणं सविस्तर मांडलं होतं. नावं कशाला, त्याला आपण पहिला म्हणू. टीप ५८ मध्ये पहिल्याच्या ग्रंथाचा पूर्ण संदर्भ आणि पुढे ५९, ६०, ६१ या तिन्ही टिपांत नुसतं 'इबिड.', म्हणजे 'मागच्या टिपेतलाच ग्रंथ', आणि पानाचा आकडा. इथवर सगळं ठीक. मग मार्गदर्शकांनी सुचवलं की विरोधी मतही नोंदवा. विद्यार्थिनीने ५८ नंतर एक नवी टीप घातली, दुसऱ्या इतिहासकाराच्या पुस्तकाची. पुढच्या टिपा एकेक घर सरकल्या. आणि जे तीन 'इबिड.' इतके दिवस पहिल्याकडे बोट दाखवत होते, ते बसल्या जागी दुसऱ्याकडे दाखवू लागले. त्यातली टीप ६२ तर अशा वाक्याला लागलेली, की ज्यात पहिला दुसऱ्याची यथेच्छ खरडपट्टी काढतो. तसंच छापलं असतं तर तो दुसरा गृहस्थ आपल्याच पुस्तकात, पान २१२ वर, आपलीच खरडपट्टी काढताना दिसला असता. मला हे विद्वत्तेमुळे कळलं असं समजू नका. पुस्तक टेबलावर होतं आणि त्याला पानंच १८० होती.

गेली अठरा वर्षं मी दुसऱ्यांचे प्रबंध, शोधनिबंध, जाडजूड ग्रंथांची प्रुफं तपासते आहे. या काळात दोन संगणक आणि चष्म्याचे चार नंबर बदलले, पण तळटिपांतली ही लॅटिन मंडळी रोज सोबतीला. इतकी वर्षं वापरलेल्या वस्तूबद्दल दोन शब्द लिहायचा अधिकार आता मिळवला आहे असं वाटतं. आधीच सांगते, सगळ्यांना एकाच मापाने मोजलेलं नाही. यांच्यात दोन जाती आहेत. एक पत्ता सांगणारी आणि दुसरी मत सांगणारी. माझं सगळं परीक्षण या एका भेदावर उभं आहे.

पत्तेवाल्यांपासून सुरुवात करू, कारण भांडण त्यांच्याशी आहे.

'इबिड.' म्हणजे 'इबिडेम', त्याच ठिकाणी. आपला 'तत्रैव' हुबेहूब हाच. कल्पना मुळात वाईट नाही. छापखान्यात एकेका अक्षराचा खिळा हाताने उचलून ओळ जुळवायची असे, तेव्हा ग्रंथाचं लांबलचक नाव दहा वेळा जुळवण्यापेक्षा चार अक्षरं आणि एक टिंब बरं. शिवाय युरोपात पंडितांची सामाईक भाषा लॅटिनच असल्यामुळे यात कुणाला काही परकं वाटत नसे. आज आपल्याला जे भारदस्त वाटतं, ते त्या काळी निव्वळ सोयीचं होतं.

पण हा पत्ता कसा, तर 'मागच्यांनी सांगितलं तेच घर'. मागचा हलला की पत्ता चुकला. आणि आजकाल मजकूर सतत हलतो. परिच्छेद वर जातो, खाली येतो, एक टीप वाढते, दोन गळतात. खिळ्यांच्या काळात पान एकदा बांधलं की बांधलं, त्यामुळे हा दोष फारसा बोचत नसेल. आता फाइल शेवटच्या रात्रीपर्यंत ओल्या मातीसारखी असते आणि आपण तिच्यात हे खुंट्यांचं जुनं सामान ठोकत बसतो.

वाचकाचा त्रास वेगळाच. सलग चौदा 'इबिड.' मी एका ग्रंथात मोजले आहेत. चौदाव्यापाशी पोचलेल्या वाचकाने मूळ नाव शोधायला तीन पानं मागे जायचं. टिपा प्रकरणाच्या किंवा पुस्तकाच्या शेवटी असतील तर एक बोट इथे, एक बोट तिथे. हे रडगाणं जुनं आहे. एडवर्ड गिबनने रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये छापला, तेव्हा टिपा पुस्तकाच्या शेवटी टाकल्या होत्या, आणि तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने त्याच वर्षी प्रकाशकाला कळवलं की या टिपा पानाच्या तळाशी किंवा समासात घ्या. ह्यूमला निदान पानं उलटता तरी येत होती. ई-पुस्तकात आपण टिपेच्या आकड्यावर बोट ठेवतो, एक छोटी चौकट उघडते आणि तिच्यात एवढंच असतं : 'इबिड., ४७.' चौकट बंद. काय कळलं? त्याच ठिकाणी, पान ४७. कुठल्या ठिकाणी, ते आधीची चौकट उघडणाऱ्याला माहीत.

शिकागो मॅन्युअल या लेखन-संपादनाच्या इंग्रजी नियमपुस्तकाने २०१७ च्या सतराव्या आवृत्तीत 'इबिड.'ला निरोपाचा नारळ दिला, तो बऱ्याच अंशी याच कारणासाठी. सक्त बंदी नाही, पण शिफारस अशी की लेखकाचं आडनाव, ग्रंथाचं आखूड नाव आणि पान द्या. लागोपाठ तोच ग्रंथ असेल तर नावही गाळा, आडनाव आणि पान पुरे. मी हे करून पाहिलं आहे. जागा किती वाढते? बहुतेक टिपांना एक ओळ 'इबिड.'लाही लागते आणि आडनावालाही. म्हणजे ज्या बचतीसाठी एवढा जीव आटवला ती बचतच नव्हती.

'ऑप. सिट.'बद्दल मी सभ्य भाषेत लिहायचा प्रयत्न करते. 'ओपेरे सिटाटो', उल्लेखिलेल्या ग्रंथात. आपल्याकडे 'उनि' लिहितात, उपरिनिर्दिष्ट. वर निर्दिष्ट केलेलं. वर म्हणजे कुठे हो? मी टीप १४३ वर आहे आणि ग्रंथाचा पूर्ण उल्लेख टीप ९ मध्ये आहे. मधल्या १३३ टिपा चाळा. चाळल्यावर दिसतं की त्याच लेखकाचा दुसरा ग्रंथ टीप ७७ मध्येही आलेला आहे. आता 'उल्लेखिलेला ग्रंथ' कुठला, हे लेखकाला विचारावं, तर तो म्हणतो, संदर्भावरून कळेलच की. 'लॉक. सिट.' हा त्याचा धाकटा भाऊ, ग्रंथ तोच आणि पानही तेच. तो थोरल्यापेक्षा निरुपयोगी आहे, पण निदान भेटतो कमी. दोघांनाही शून्य. ऑक्सफर्डच्या कायदा विभागाची ऑस्कोला नावाची पद्धत आहे. तिच्या २०१२ च्या चौथ्या आवृत्तीने 'इबिड' तेवढा ठेवला, तोही सरळ टाइपात, टिंब काढून, आणि 'ऑप सिट', 'लॉक सिट', 'सुप्रा' (वर), 'इन्फ्रा' (खाली) ही मंडळी टाळा म्हणून सांगितलं. वकिलांनाही जे नको झालं त्याची चिकाटी आपण काय म्हणून धरावी?

अर्थात सगळ्याच वकिलांना नको झालेलं नाही. ब्लूबुक या अमेरिकेतल्या कायद्याच्या संदर्भ-नियमांच्या पुस्तकात 'इड.' आणि 'सुप्रा' अजून सुखाने नांदतात. हा 'इड.' म्हणजे 'इडेम', तोच. इतर शाखांत तो 'तोच लेखक' या अर्थाने येतो आणि तिथे एक गंमत आहे. लेखिका असेल तर 'इडेम' चालत नाही, 'एआडेम' लागतं. अनेक लेखक असतील तर आणखी वेगळं, सगळ्या लेखिकाच असतील तर त्याहून वेगळं. लिंग-वचनाचा सोस लॅटिनला आपल्या मराठीइतकाच. मी एका ग्रंथात सहा लेखिकांना 'इडेम' या पुल्लिंगी शब्दाखाली सापडलेलं पाहिलं आणि सहाही ठिकाणी आडनावं घातली. दुरुस्ती सोपी होती, आणि त्यानंतर कुणाला लॅटिन यायची गरज उरली नाही.

मराठी शब्द घातले की प्रश्न सुटतो असं काहींना वाटतं. मलाही वाटलं होतं. एका संपूर्ण ग्रंथात मी 'इबिड.' काढून 'तत्रैव' घातलं आणि 'ऑप. सिट.' काढून 'उनि'. वाचायला गोड झालं. पण आजार होता तिथेच होता. 'तत्रैव'ची साखळीही मधे टीप घुसली की तितक्याच बेमालूमपणे तुटते. जित्याची खोड.

यंत्राने काय केलं ते सांगायला हवं, कारण ते या परीक्षणाच्या मुळाशी आहे. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठातून निघालं. फुकट आहे, त्याचा स्रोतही खुला आहे. त्यात ग्रंथाची नोंद एकदा करायची आणि लिहिताना तिथून संदर्भ घालायचा. शैली 'इबिड.'वाली निवडलीत तर टीप कुठे आहे, मागच्या टिपेत काय आहे, हे बघून ते स्वतः 'इबिड.' लिहितं. मधे नवी टीप घातली की पुढचा 'इबिड.' आपोआप आडनावात बदलतो. मागच्या टिपेत दोन ग्रंथ असतील तर ते 'इबिड.' लिहितच नाही, कारण तिथे 'त्याच ठिकाणी' या शब्दाला अर्थच उरत नाही. हा नियम मी माणसांना वर्षानुवर्षं समजावते आहे. यंत्राला तो पहिल्या दिवसापासून येतो.

म्हणजे पत्ता सांगायचं काम आता यंत्राचं. त्याला शीण येत नाही, म्हणून आखूड शब्दाचीही गरज नाही. हाताने 'इबिड.' टाइप करणारा माणूस आज फक्त एकच गोष्ट निर्माण करू शकतो, ती म्हणजे चूक.

पण याच झोटेरोत संदर्भ घालताना एक छोटी चौकट उघडते. तीत पान क्रमांकाच्या जोडीला दोन रिकाम्या जागा असतात, एक संदर्भाच्या आधी लिहायची आणि एक नंतर. आधीची जागा यंत्र कधीच भरत नाही. तिथे तुम्ही 'सीएफ.' लिहायचं असतं. किंवा नाही लिहायचं. ते तुम्ही ठरवायचं.

इथून दुसरी जात सुरू होते. इथे माझा सूर बदलेल.

'सीएफ.' म्हणजे 'कॉन्फेर', लॅटिनमधलं आज्ञार्थी क्रियापद : एकत्र आण, शेजारी ठेव, ताडून पाहा. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक प्रबंधांत ते 'पाहा' या अर्थाने वापरलेलं असतं, कारण ते दिसायला विद्वान दिसतं. दोन्हींत जमीनअस्मानाचं अंतर आहे. 'पाहा' म्हणजे मी जे म्हणतोय त्याचा आधार तिथे आहे. 'सीएफ.' म्हणजे तिथे वेगळं आहे, थोडं तिरकं आहे, कदाचित माझ्या विरुद्धही आहे, दोन्ही शेजारी ठेवून तुम्हीच बघा. दोन अक्षरांत लेखक कबूल करतो की विषय इथे संपलेला नाही. ब्लूबुकवाल्यांनी तर या खुणांची उतरंडच लावली आहे. थेट आधार असेल तर खूणच नको. आधार स्पष्ट मांडलेला नसून सहज निघत असेल तर 'पाहा'. मुद्दा वेगळा पण मिळताजुळता असेल तर 'सीएफ.'. सरळ उलट असेल तर 'कॉन्ट्रा'. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही उतरंड पाठ करताना घाम फुटतो, पण तिच्यामागचा विचार पक्का आहे : संदर्भ देणं म्हणजे नुसता पत्ता देणं नव्हे, त्या घराशी आपलं नातं काय तेही सांगणं. पाचपैकी पाच. वापरणाऱ्यांना दोन.

'आपुड' फार जणांना माहीत नाही आणि मला तो सगळ्यांत आवडतो. अर्थ 'च्यापाशी', 'च्याकडे'. मूळ ग्रंथ मी पाहिलेला नाही, त्यातला उतारा अमक्याच्या पुस्तकात वाचला, तर आधी मूळ लेखक, मग 'आपुड', मग अमका. ब्राझीलमधल्या प्रबंधांत हा शब्द अगदी रोजचा आहे. इंग्रजीत त्याऐवजी 'अमक्याने उद्धृत केलेलं' अशा अर्थाचे साधे शब्द लिहितात, तेही चालेल. शब्द कुठलाही असो, कबुली महत्त्वाची. दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेला उतारा थेट मूळ ग्रंथातून घेतल्यासारखा दाखवायचा, ही संशोधनातली सगळ्यांत शांतपणे होणारी चोरी आहे, आणि ती पकडायची एक खूण मला सापडली आहे. मधल्या पुस्तकात पान क्रमांक चुकलेला असतो, आणि तीच चूक पुढच्या दहा प्रबंधांत तशीच उतरते.

'सिक' म्हणजे 'असेच'. उताऱ्यातली चूक माझी नव्हे, मुळातलीच आहे, हे चौकटी कंसात सांगायचं. मराठीत 'मुळात असेच' लिहिलेलं सापडतं, आणि ते अधिक सौम्य वाटतं. 'सिक' हा सुरीसारखा आहे. फळ कापायला उत्तम, पण लोक तो भोसकायला वापरतात. विरोधकाच्या एका उताऱ्यात पाच वेळा 'सिक' घालणाऱ्या लेखकाला मी विचारलं, जुन्या काळचं स्पेलिंग ही चूक कशी? तो म्हणाला, वाचकाला कळू दे त्याची भाषा कशी होती ते. मी पाचातले चार काढले. उरला तो एक खरंच हवा होता, कारण मुळात सन चुकलेला होता. खरं तर अशा वेळी 'सिक'पेक्षा 'रेक्टे' बरा, म्हणजे 'योग्य ते असे', आणि पुढे बरोबर सन. पहिला शब्द नुसता नाक मुरडतो, दुसरा काम करतो. छपाईची उघड चूक असेल तर शिकागो ती गुपचूप सुधारायलाही परवानगी देतं. हे सांगितलं की काही लेखकांचा चेहरा पडतो.

'पासिम' म्हणजे इतस्ततः. ग्रंथभर विखुरलेलं आहे, एक पान सांगता येत नाही. कधी खरं असतं. बहुतेकदा पुस्तक पुन्हा उघडायचा कंटाळा असतो. मी समासात 'कुठे कुठे?' असं लिहून पाठवते. तीन पान क्रमांक परत आले तर शब्द जातो, वीस आले तर राहतो.

'एट अल.', म्हणजे 'आणि इतर', याबद्दल खूप जण विचारतात, म्हणून थोडं. 'एट' हा पूर्ण शब्द आहे, 'आणि'. त्याच्यापुढे टिंब नाही. 'अल.' अर्धा आहे, त्याच्यापुढे टिंब आहे. उलटं किंवा दोन्हीकडे टिंब दिसलं की माझं बोट आपोआप डिलीटवर जातं. अर्धा असण्याचा एक फायदा असा की पुढे 'अलिई' आहे, 'अलिए' आहे की 'अलिआ', म्हणजे ते इतर पुरुष, बायका की वस्तू, ते ठरवावं लागत नाही. एपीए या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या नियमपुस्तकाच्या सातव्या आवृत्तीपासून तीन किंवा अधिक लेखक असले की पहिल्याच उल्लेखात 'एट अल.'. हा पत्ता आहे की मत? मला वाटतं, मत आहे, पण नकळत दिलेलं. हिग्ज कणाच्या वस्तुमानावर २०१५ मध्ये निघालेल्या शोधनिबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी मजकूर ९ पानं, बाकी २४ पानं नावं आणि संस्था. तिथे दुसरा इलाज नाही. पण तिघांच्या लेखात तिसऱ्या नंबरावर ज्या मुलीने दोन वर्षं प्रयोगशाळेत काढली, ती 'अल.'मध्ये गेली की मला दर वेळी थोडं टोचतं. नियम नियम आहे, मी टिंब बरोबर जागी देते आणि पुढे जाते.

'विझ.' म्हणजे 'विडेलिसेट', अर्थ 'म्हणजेच'. त्यातला 'झ' कुठून आला हे मला फार उशिरा कळलं. मध्ययुगीन लेखनिक शब्दाच्या शेवटच्या 'एट'साठी एक वळणदार खूण काढत, ती खिळे पाडणाऱ्यांना 'झेड'सारखी दिसली. नुसत्या दिसण्यामुळे अक्षर जन्माला आलं. वापराच्या दृष्टीने गरज नाही, पण ही गोष्ट कळल्यापासून मी तो काढताना जरा रेंगाळते.

ग्रंथालयवाल्यांची 'एस. एल.' आणि 'एस. एन.' ही जोडी, 'सिने लोको' आणि 'सिने नॉमिने' : स्थळ नाही, नाव नाही. जुन्या तालिकांत प्रकाशनस्थळ किंवा प्रकाशक सापडला नाही की हे लिहीत. ग्रंथतालिका करण्याच्या नव्या आरडीए नियमांनी ते काढून साध्या शब्दांत 'प्रकाशक ज्ञात नाही' अशा अर्थाचं लिहायला सांगितलं आणि बरं केलं. का ते सांगते. एका संदर्भसूचीत अकरा ग्रंथांचा प्रकाशक 'एस. एन.' होता. ग्रंथालयाच्या नोंदी संगणकात उतरवताना ते तसंच उतरलं होतं. लेखकाने मोठ्या उत्साहाने प्रस्तावनेत एक वाक्यही लिहिलं होतं, की या प्रकाशनसंस्थेने तीन शतकं या विषयाची सेवा केली. ते वाक्य कापताना मला खरंच वाईट वाटलं.

टीप ६२ कडे परत येते. मी त्या प्रकरणातले सगळे 'इबिड.' काढले, आडनावं आणि आखूड नावं घातली, विद्यार्थिनीला झोटेरो बसवायला सांगितलं. मग साखळी जिने तोडली त्या नव्या टिपेकडे, म्हणजे ५९ कडे गेले. तिच्या सुरुवातीला 'सीएफ.' होतं. सवयीने मी ते खोडलं होतं आणि वर 'पाहा'साठीचा साधा इंग्रजी शब्द लिहिला होता. फाइल परत आली तेव्हा तिने समासात लिहिलेलं होतं : 'मॅडम, यांचं म्हणणं माझ्या उलट आहे. वाचकाने दोन्ही ताडून पाहावं असं मला वाटतं.'

खोडलेल्या शब्दाखाली मी टिंबांची ओळ दिली आणि बाजूला लिहिलं, 'स्टेट'. राहू द्या.